हळू दाबून बघा

मालकांची मुलं त्याला मामा म्हणायची, म्हणून दुकानातले लोक म्हणू लागले, आणि दुकानात येणारे-जाणारे ऐकून ऐकून म्हणू लागले. शेवटी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा त्याला रस्त्यात थांबवून विचारायची, "मामा, आज पाणी किती वाजता?" कारण पाणी त्याच्या हातात होतं. शहराच्या मागच्या डोंगरावर पाण्याची मोठी टाकी होती. रोज सकाळी तिची झडप उघडायची, पातळी बघायची आणि पाइपाला कुठे पाझर फुटलाय का ते बघत खाली यायचं, हे मामाचं काम. गाडीरस्ता अर्ध्यावरच संपायचा. तिथून पुढे चार किलोमीटर दगडमातीची वाट. चढताना तो सायकल निम्मी ढकलत न्यायचा आणि उतरताना वीस मिनिटांत खाली हजर व्हायचा.

त्या मंगळवारी मात्र तो तासाभरानं आला, आणि चालत आला. पुढच्या ब्रेकची तार उतारावरच तुटली होती. कोपराचं सालटं गेलं होतं, गुडघा सुजला होता, शर्टाची बाही लोंबत होती. बहिणीनं जखम धुता धुता बजावलं, "त्या सायकलला धड ब्रेक बसल्याशिवाय वर पाय ठेवलास तर याद राख."

बहिणीचा नवरा म्हणजेच मालक. दुकान सायकलींचं आणि घर दुकानाच्या वरच, त्यामुळे हुकूम जिन्यावरूनच खाली आला. गुरुवारी दुपारी मामा सायकल घेऊन दुकानात उभा राहिला.

दुकानातलं सगळं दुरुस्तीचं काम एक बाई बघायची. पॉलिटेक्निकची दोन वर्षं करून तिला शिक्षण सोडावं लागलं होतं, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी मालकांनी चेष्टेनं हाक मारली, "काय इंजिनियर!" अकरा वर्षांत चेष्टा संपली, नाव राहिलं. बोलायला ती कमीच. हात मात्र एक मिनिट रिकामा नसायचा.

"तारेची भानगडच नको आता," मामा म्हणाला. "ऑइलवाले ब्रेक बसवा. एका बोटानं थांबली पाहिजे. फक्त फार महाग नको, इंजिनियरबाई."

"स्वस्तातले चालतात की," ती म्हणाली. "नीट निवडले तर दहा वर्षं बघायला लागत नाही."

मालक तोवर मागच्या फळीवरून एक खोका घेऊन आलेही होते. लाल चकाकणारे लिव्हर, चाकाची डिस्क दोन पॅडमधे आवळणारे लाल कॅलिपर, वर चंदेरी अक्षरं. काचेच्या काउंटरवर त्यांनी तो असा उघडला की जणू आत दागिने होते.

"हे बघ. चार पिस्टन! एवढ्या किमतीत चार पिस्टन कुठे मिळतात? लोक दोन पिस्टनसाठी याच्या दीडपट मोजतात."

इंजिनियरनं लिव्हर हातात घेतला, उलटा करून बघितला. "याची सुटी सील मिळतात का?"

"अगं, अजून बसवला नाही तोवर सील कशाला बदलायला निघालीस?"

"चार पिस्टन म्हणजे गळायला चार जागा, मालक. पिस्टन किती ते नंतर. आतलं रबर कसलं आहे ते आधी. तो साधा काळा, दोन पिस्टनचा ब्रेक. दिसायला काही नाही, पण पाच वर्षं बसवतेय, एक परत आलेला नाही. पॅड कुठल्याही दुकानात मिळतात."

"संपलाय तो."

"सोमवारी माल येतोय."

"आणि सोमवारपर्यंत मामानं काय करायचं? रोज आठ किलोमीटर चालायचं? गुडघा बघितलायस का त्याचा?"

मालक काही फसवत नव्हते. ही गोष्ट इंजिनियरला नंतरही अनेकदा स्वतःला सांगावी लागली. त्या लाल ब्रेकवर त्यांचा खरोखर विश्वास बसला होता. विकणाऱ्यानं त्यांना बाराचा पूर्ण खोका गोड बोलून गळ्यात मारला होता, आणि एकदा गळ्यात पडलेली गोष्ट माणूस हळूहळू स्वतःच्याच आवडीची करून टाकतो.

मामानं एकदा लाल लिव्हरकडे बघितलं, एकदा भावजींकडे, आणि मग इंजिनियरकडे. त्या तिसऱ्या बघण्यात विचारणा होती. तिनं आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. 'उतारावर हा चालणार नाही' एवढंच. पण तसं छातीठोक सांगायला तिच्याकडे तरी काय होतं? हाताला आलेली एक शंका. आणि समोर मालक, त्यांचा मेव्हणा, त्यांच्या घरातली गोष्ट.

"भावजी म्हणतायत तर हेच बसवा," मामा म्हणाला.

तिनं बसवले. चाकांना डिस्क लावल्या, नळ्या मापात कापल्या, पुन्हा ऑइल भरलं, लिव्हरला टिचक्या मारून मारून हवेचे बुडबुडे वर आणले, काढून टाकले. संध्याकाळपर्यंत काम झालं. मालकांनी येऊन पुढचा लिव्हर कचकन दाबला, मग मागचा.

"दगड आहे दगड! उगाच नाकं मुरडत होतीस."

आणि खरोखर दगडच होता. तिनं स्वतः दाबून बघितला. चार बोटांनी, दोन बोटांनी, लिव्हर निम्म्यावर येऊन घट्ट थांबत होता.

"रात्रभर लिव्हर बांधून ठेवते," ती म्हणाली. "राहिलेली हवा वर येते. सकाळी बघते आणि मग देऊ. मामांना दहाला यायला सांगा."

"दहाला? पाणी काय दुपारी सोडायचं त्यानं?" असं म्हणत मालक वर गेले.

दुकान झाडता झाडता ती सायकलजवळ थांबली. हात पुसत असतानाच, मनात काही नसताना, तिनं एका बोटानं पुढचा लिव्हर अगदी हलकेच दाबून धरला. लिव्हर थांबला. आणि मग तिला वाटलं की तो केसभर आणखी आत सरकला. तिनं श्वास रोखून पुन्हा दाबला, या वेळी जोरानं. दगड. दिवसभर वाकून काम केलेलं, डोळे दुखत होते. तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी दोन्ही लिव्हर दाबून हँडलला बांधले, पण ओढून टेकवले नाहीत; लिव्हर जिथे घट्ट थांबला तिथेच ताण ठेवून पट्टी बांधली. हँडल आणि लिव्हर यांच्यात दोन बोटं जात होती, हे तिनं मुद्दाम बोटं घालून बघितलं. मग घरी गेली.

जेवण गेलं नाही म्हणावं असं काही झालं नाही; जेवली, झोपलीही. पण सकाळी नऊचं दुकान असताना ती सव्वाआठलाच आली. शटर अर्धं उघडं होतं. मालक आत चहा पीत उभे होते. आणि सायकलचं स्टँड रिकामं होतं.

"सायकल?"

"मामा घेऊन गेला. साडेसहाला येऊन दार वाजवत होता. मीच काढून दिली."

"पट्ट्या होत्या त्याला."

"काढल्या ना. काय गाठी मारतेस, कात्रीच घ्यावी लागली."

इंजिनियरनं पिशवी खाली ठेवली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून तिनं विचारलं, "पट्टी कापली तेव्हा पुढचा लिव्हर कुठे होता?"

"कुठे म्हणजे? हँडलला टेकलेला होता. बांधलेला होता म्हटल्यावर टेकणारच की."

"आणि मागचा?"

"मागचा..." मालकांनी कप खाली ठेवला. "मागचा जरा लांब होता वाटतं. का?"

"मी टेकवला नव्हता, मालक. दोन बोटं अंतर होतं. रात्रभरात तो आपोआप आत गेलाय."

"मग मी दाबून दिला ना त्याच्यासमोर! दगड होता!"

"जोरात दाबला असेल."

"ब्रेक जोरातच दाबतात!"

"उताराला नाही दाबत," ती म्हणाली. "उताराला माणूस हळू दाबून धरतो. वीस मिनिटं."

मालक हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यातच अडकलं. ती फळीजवळ गेली, खोक्यातून नवा लाल ब्रेक काढला. ऑइल भरून आणि पॅडच्या मधे प्लॅस्टिकचा तुकडा घालूनच ते येतात, त्यामुळे हातातल्या हातात दाबून बघता येतो. तो तिनं मालकांच्या हातात दिला.

"जोरात दाबा."

त्यांनी दाबला. दगड.

"आता सोडा. एका बोटानं, अगदी हळू. आणि धरून ठेवा."

मालकांनी लिव्हर हळू दाबला. तो निम्म्यावर आला, थांबला. दोघंही बघत होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चालल्याचा आवाज येत होता. पाच सेकंद झाले, सात झाले, आणि मग मालकांच्या बोटाखाली तो लाल लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा आत जाऊ लागला. गेला, गेला, आणि मुठीला टेकला. त्यांनी बोट काढलं नाही, कारण ते काढायचं त्यांना सुचलंच नाही.

"आतल्या सीलच्या बाजूनं ऑइल मागे पळतंय," ती म्हणाली. "जोरात दाबलं की रबर फुगून चिकटतं, हळू दाबलं की नाही. आणि गरम झाल्यावर रबर अजून मऊ होणार."

मालकांनी खिशातून फोन काढून मामाला लावला. फोन लागला नाही. टाकीवर कधीच लागायचा नाही. पुन्हा लावला. तिनं घड्याळाकडे बघितलं. साडेसहाला निघाला, आठला वर. झडप, पातळी, जरा बसणं. पावणेनऊच्या सुमाराला तो उतरायला लागणार. आता आठ वीस.

"चावी," ती म्हणाली.

स्कूटरची चावी त्यांनी अक्षरशः फेकली. "मी येतो," असंही म्हणाले, पण दोघांना घेऊन ती स्कूटर चढावर धापा टाकायची, हे त्यांनाही माहीत होतं. ते शटरपाशी येऊन उभे राहिले. ती गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा मागून मालकीणबाईंचा आवाज आला, "काय झालं हो?" उत्तर तिनं ऐकलं नाही.

गाडीरस्ता संपतो तिथल्या फाटकापर्यंत तिला तेरा मिनिटं लागली. पुढे स्कूटर जात नव्हती. तिनं ती तशीच भिंतीला टेकवली आणि चालायला लागली, मग पळायला लागली. ही वाट तिला ठाऊक होती. दोन-तीनदा मामाची पंक्चर झालेली सायकल आणायला ती वर आली होती. खालून मोजलं तर तिसऱ्या वळणाच्या वर एक लांब सरळ उतार होता, सगळ्यात तीव्र. आणि तो संपतो तिथे, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, टाकीचं जास्तीचं पाणी जायची सिमेंटची नाली. दोन पुरुष खोल. कठडा नव्हता. मामा त्या उताराला दोन्ही ब्रेक हलके धरून यायचा, हे त्यानंच कितीदा काउंटरला टेकून सांगितलं होतं. त्या उताराच्या वरच्या टोकाला पोचायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिथे वाट सपाट होती. तिथे त्याला थांबवता आलं असतं.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. कामाचे बूट जड, तळवे घसरत होते. आठ पन्नास. तिसऱ्या वळणाला नालीजवळ ती आली आणि तेव्हाच तिला वरून तो आवाज आला. नव्या डिस्कवर पॅड घासल्याचा बारीक, लांबणारा आवाज.

तो निघाला होता. आणि उताराला लागलाही होता.

वर पोचणं आता शक्य नव्हतं. तिनं हात वर केले, ओरडली, "मामा!" आणि ओरडल्याबरोबर तिच्या लक्षात आलं की हे चुकलं. तो तिला बघणार. बघितलं की माणूस काय करतो? हळू करायला जातो. जास्त दाबून नाही, सौम्यपणे, ओळखीचं कोणी दिसलं म्हणून.

मामा उताराच्या वरच्या भागात दिसला. त्यानं तिला ओळखलं, एक हात वर करायला गेला, तो पुन्हा हँडलवर ठेवला. सायकलचा वेग कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही. उलट वाढला. तिला इतक्या लांबूनही त्याचा चेहरा बदललेला दिसला. पुढच्या ब्रेकवरची बोटं मुठीला चिकटली होती आणि मागचं चाक नुसतं घसरत, खडे उडवत, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला झोकांड्या खात होतं.

"सोडा!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "सोडा! सोडून परत दाबा! जोरात!"

ब्रेक लागत नसताना ब्रेक सोड असं सांगितलेलं कोण ऐकेल? मामाची बोटं अजून घट्ट झाली. तो निम्म्यावर आला होता. ती नालीच्या बाजूकडून आतल्या अंगाला, डोंगराकडच्या मातीच्या कडेला सरकली, म्हणजे त्यानं सायकल तिच्याकडे वळवावी. आणि दोन्ही हात पुढे करून तिनं हवेतच मुठी उघडून दाखवल्या. उघड, मीट. उघड, मीट.

"पंप मारल्यासारखा! मामा! सोडा, दाबा!"

पंप हा शब्द बहुधा त्याच्या कानात गेला. आयुष्यभर पंप बघितलेला माणूस. त्याची बोटं सुटली. एका क्षणाला सायकल मोकळी सुटली, अंगावर धावून आल्यासारखी, आणि मग त्यानं कचकन दाबलं. पुढचं चाक धरलं. सुटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा धरलं. तिसऱ्या वेळी सायकल मागून उचलली गेली, मामा तिच्यासह आतल्या अंगाला वळला आणि मातीच्या कडेवर खांदा, गुडघा, हँडल असा सगळा एकदम आदळला. पुढचं चाक इंजिनियरच्या मांडीला लागून थांबलं.

थोडा वेळ नुसती धूळ होती. मग धुळीतून मामाचा आवाज आला, "तुम्हाला लागलं का?"

"नाही. तुम्हाला?"

"बघतो."

त्यानं हात-पाय हलवून बघितले. तोच कोपर पुन्हा फुटला होता, बाकी सगळं जागेवर. मग तो कडेला बसला आणि नालीकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखा समोरच्या एका झुडपाकडे बघत राहिला. इंजिनियरनं त्याच्या बाटलीतलं थोडं पाणी पुढच्या डिस्कवर ओतलं. चर्र झालं आणि वाफ वर आली.

"वरच्या पहिल्याच वळणाला जरा खोल गेला होता," मामा म्हणाला. "म्हटलं नवा आहे, अशीच सवय असेल त्याची. सोडून दाबला तर घट्ट. म्हणून बोललो नाही. म्हणजे मनाशीसुद्धा बोललो नाही."

"मला काल संध्याकाळीच वाटलं होतं," ती म्हणाली. "एकदा बोटाला जाणवलं होतं. आणि दुपारी तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हाही मी गप्प बसले. तुम्ही घरचे, मी कामाला. म्हटलं आपण कोण मधे पडणार."

मामानं कोपरावरची माती झटकली. "मी पण भावजींना वाईट वाटेल म्हणून हो म्हटलं," तो म्हणाला. "भावजींना काय वाटेल याचा विचार करत ब्रेक घेतला मी, इंजिनियरबाई. डोंगराला काय वाटेल याचा केलाच नाही."

ते सायकल ढकलत खाली निघाले. फाटकाजवळ आल्यावर मामा थांबला. "ताईला यातलं काही सांगायचं नाही. घसरलो म्हणू."

"वहिनी दुकानातच असतील. मी निघाले तेव्हा जिन्यात होत्या."

"मेलो," मामा म्हणाला, आणि डोंगरावर जे झालं नव्हतं ते आता झालं; त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

मालकीणबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. मालक आत स्टुलावर, समोर लाल खोका. भावाला धड उभा बघून त्यांनी आधी डोळे मिटले, मग उघडले आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, दुसरं कोणी मिळालं नाही? माझ्याच भावाला मामा बनवलंत?"

मामालाच हसू फुटलं. भलत्या वेळी, आवरेना असं. हसता हसता त्याला ठसका लागला. बहिणीनं पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी धरला. मालक उठून त्याच्यासमोर आले आणि त्याच्या शर्टाच्या खांद्यावरची धूळ झटकत राहिले. बराच वेळ झटकत राहिले, धूळ संपल्यावरही.

"मी फसवलं नाही रे तुला," शेवटी ते म्हणाले. "मला खरंच चांगला वाटला."

"माहीत आहे, भावजी."

"तेच वाईट आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि जखमेचं सामान आणायला वर गेल्या.

खोक्यात आठ ब्रेक उरले होते. मालक आणि इंजिनियरनं ते एकेक करून दाबून बघितले, एका बोटानं, हळू, प्रत्येकी पूर्ण एक मिनिट. मामा घड्याळ धरून बसला होता. तीन आत गेले. पाच थांबले.

"पाच चांगले आहेत," मालक म्हणाले. त्यांनी थांबलेल्या पाचांकडे बघितलं. "आज चांगले आहेत," त्यांनीच स्वतःला दुरुस्त केलं, आणि सगळे आठच्या आठ खोक्यात टाकून वरून चिकटपट्टी मारली. परत पाठवायचे.

पण बारातले दोन आधीच विकले गेले होते. एक नेला होता एका फोटोग्राफरनं; त्याला फोन लागला आणि त्यानं ब्रेक अजून बसवलेलाच नव्हता. दुसरा नेला होता शाळेतल्या खेळाच्या सरांनी. ते फोन उचलत नव्हते. मालकांनी चार वेळा लावला. मग दुकान इंजिनियरवर सोडून ते सरांच्या घरी गेले, घराला कुलूप होतं, म्हणून पायरीवर बसून राहिले. दुपारी दोनला सर सायकल चालवतच आले. "कंपनीत जरा दोष निघालाय," एवढं सांगून भागलं असतं. पण मालकांनी त्यांना रस्त्यातच खाली उतरवलं, लिव्हर हळू दाबून धरायला लावला आणि तो आत जाताना दाखवला. सर तिथल्या तिथे सायकल त्यांच्या हाती देऊन चालत घरात गेले.

सोमवारपर्यंत मामा टाकीवर चालत गेला. एकटा नाही. शनिवारी सकाळी तो निघाला तेव्हा मालक पायात बूट चढवून पायरीवर तयार होते. पोट सुटलेलं, दम लगेच लागणारं, अकरा वर्षांत डोंगराकडे मान वर करून न बघितलेलं ते शरीर कसंबसं वर गेलं, कसंबसं खाली आलं. रविवारी गेलं. सोमवारीही गेलं. वाटेत दोघं काय बोलले ते कोणी विचारलं नाही. मालकीणबाई फक्त गरम पाण्याची बादली भरून ठेवायच्या, पाय बुडवायला.

सोमवारी दुपारी काळे ब्रेक आले. साधा पुठ्ठ्याचा खोका, काळा लिव्हर, काळा कॅलिपर, एकही चंदेरी अक्षर नाही. इंजिनियरनं बसवायला घेतले आणि मालक शेजारी स्टूल ओढून बसले. मधेच त्यांनी विचारलं, "ही नळी एवढी लांब का ठेवलीस?" हँडल पूर्ण वळल्यावर ताण येऊ नये म्हणून, असं तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग गल्लीत वीस-पंचवीस फेऱ्या मारून, वेग घेऊन दाबून, वेग घेऊन दाबून, तिनं पॅड डिस्कवर बसवून घेतले. संध्याकाळी लिव्हर बांधले. सकाळी तिनं बोटं घालून बघितली. अंतर जसंच्या तसं होतं. मालकांनी बघितलं. मालकीणबाईंनी बघितलं. मग मामानं सायकल स्टँडवरून काढायच्या आधी स्वतः एका बोटानं लिव्हर धरला. एक मिनिट झालं, दोन झाली. तो धरूनच होता. कोणीही त्याला चल म्हटलं नाही.

"जातो," तो म्हणाला.

नऊ वाजले तसे तिघंही दुकानाच्या तोंडाशी येऊन काहीबाही करू लागले. मालकीणबाई झाडलेली पायरी झाडत होत्या. मालक एकच पाना पुसत होते. इंजिनियरसमोर एका मुलीच्या सायकलची साखळी होती, तिची एकच कडी ती तिसऱ्यांदा तपासत होती. नऊ दहा झाले. नऊ वीस.

आणि मग गल्लीच्या तोंडाकडून एक कर्कश, कान चिरत जाणारा आवाज आला. मालकांच्या हातातला पाना पडला. मामा वळणावरून आला, दुकानासमोर येऊन नेमका थांबला, पाय टेकला.

"काय झालं? काय झालं?" मालक धावले.

"काय व्हायचंय? किंचाळतो तुमचा ब्रेक," मामा म्हणाला. "थांबतो झकास. पण किंचाळतो. वरपासून खालपर्यंत माझी वरात निघाली होती."

"पॅडवर काहीतरी लागलं असेल," इंजिनियर म्हणाली. "चाक काढा, बघते."

ती खाली वाकली, तोवर मालकांनी पुढून हात घालून काळा लिव्हर एका बोटानं धरला होता आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजायला सुरुवात केली होती. साठपर्यंत ते कोणाला चाकाला हात लावू देणार नव्हते, म्हणून ती हातात कापड घेऊन तशीच उकिडवी थांबून राहिली.